निर्मनुष्य दालनातले काका

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर वारसा कार्यालयाची एक पाटी आहे. परवापरवापर्यंत तिच्यावर घराविषयी चार-पाच वाक्यं होती आणि त्यातलं बांधणीचं साल तेवढं खरं होतं. ते खरं असण्याचं कारण एवढंच, की ते दारावरच्या दगडात कोरलेलं आहे. आत्याला ते बदलून सांगता आलं नाही.

बाकी मजकूर आत्याचा. तळमजल्यावर मागच्या बाजूला तबेला आहे, असं पाटी म्हणायची. ते आमचं स्वयंपाकघर. अंगणालगत बुजवलेली विहीर आहे, असंही म्हणायची. ती आमची न्हाणी. आणि शेवटचं वाक्य असं: ‘वरच्या मजल्यावरील दालन बांधकामापासून निर्मनुष्य असून तेथे एका शिपायाचा वावर असल्याची आख्यायिका आहे.’

तिथे माझा काका राहतो. जन्मल्यापासून राहतो.

आत्या सगळ्यांत मोठी, मग माझे बाबा, मग काका. बाबा आता नाहीत. आत्यानं लग्न केलं नाही, कारण तिच्या मते विचारायला आलेल्यांपैकी कोणालाच नीट बोलता येत नव्हतं. काकाचंही राहून गेलं. कोणी विषय काढला की तो म्हणायचा, ‘निर्मनुष्य माणसाला मुलगी कोण देणार?’ आणि विषय काढणाऱ्याला चहा द्यायचा.

काका रबरी शिक्के बनवतो. हल्ली ते यंत्रावर झटपट निघतात, तरी त्याच्याकडे काम येतं, कारण सरकारी कचेऱ्यांना एकदा लागलेली सवय सोडायचा कंटाळा असतो. खिडकीशी टेबल, टेबलावर खणाखणांत लावलेले शिशाचे खिळे, प्रत्येकावर एकेक उलटं अक्षर, आणि बाजूला दाबाचं लोखंडी यंत्र. अक्षरं जुळवायची, त्यांचा साचा घ्यायचा, साच्यावर रबर ठेवून गरम दाब द्यायचा, मग कापून लाकडी मुठीला चिकटवायचं. त्या खोलीत जळक्या रबराचा वास इतका मुरलाय की खरोखरीचा शिपाई असता तर त्यानं केव्हाच बदली मागून घेतली असती.

लहानपणी मी हातावर ‘मूळ प्रत पाहिली’ असा ठसा घेऊन शाळेत जायचे. परीक्षेच्या दिवशी काका ‘अति तातडीचे’ मारायचा आणि निकालाच्या दिवशी ‘विचाराधीन’. एकदा बाबा दुपारी झोपले असताना त्यांच्या टकलावर त्यानं ‘नाकारले’ उठवलं, आणि बाबा उठून तसेच बँकेत कर्ज मागायला गेले. कर्ज मिळालं नाही, याचा दोष बाबांनी शेवटपर्यंत काकाला दिला.

आत्याचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती टेलिफोन खात्यात होती. जन्मभर तिनं लोकांना ‘आपण चुकीचा क्रमांक सांगितला आहे’ असं ठणकावून सांगितलं, आणि त्यामुळे चूक ही नेहमी तारेच्या पलीकडे असते हे तिच्या मनात घट्ट बसलं. दूध उतू गेलं तर गॅस चुकलेला असतो. गाडी सुटली तर गाडीच लवकर आलेली असते. आणि ती थाप मारायला लागली की इतक्या खणखणीत आवाजात मारते, की ऐकणाऱ्याला आपल्याच माहितीची लाज वाटते.

आता तो दिवस. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट, आई-बाबांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची. शहरात बोलवा होती की घरपट्टी आता वापरातल्या खोल्यांवर बसणार, आणि घरात धंदा असेल तर विचारूच नका. अशात एका दुपारी एक किडकिडीत तरुण मोजपट्टी आणि जाड वही घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, ‘घराची नोंद करायला आलोय.’ पुढे तो ‘जुन्या वास्तूंच्या यादीसाठी’ असंही म्हणाला होता, पण ‘नोंद’ या शब्दानंतर आत्यानं ऐकणं बंद केलं होतं.

ती धावत वर गेली, काकाला म्हणाली, ‘अजिबात आवाज करू नकोस,’ आणि दाराला बाहेरून कुलूप घालून खाली आली.

मग तिनं त्या पोराला घर दाखवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो म्हणाला, ‘हे काय आहे?’

‘तबेला.’

‘घराच्या आत?’

‘मग घोडे काय दिवाणखान्यात बांधायचे?’

‘पण इथे शेगडी पेटलेली दिसतेय.’

‘घोडे गेल्यापासून जागा रिकामीच आहे, म्हणून तात्पुरती ठेवलीय.’

आई तिथेच कणीक मळत उभी होती. नवी नवरी, बोलायची सोय नव्हती. त्या पोरानं भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून मोठ्या मायेनं हात फिरवला. कपड्यांच्या दोरीच्या कड्या त्या. बाबांनीच ठोकलेल्या.

न्हाणीची विहीर झाली. मग दोघं वर गेली. वरच्या खोलीची किल्ली हरवलीय, असं आत्यानं सांगितलं. कधीपासून, असं त्यानं विचारलं. ‘बांधल्यापासून,’ आत्या म्हणाली. आणि नेमका तेव्हाच आतून खोकल्याचा आवाज आला.

‘आत कोणी आहे का?’

‘कोणी नाही.’

‘पण आवाज...’

‘जुनं घर आहे. पूर्वी कोणी शिपाई होता म्हणतात.’

हा शिपाई कुठून उगवला, हे आत्यालाही आजतागायत माहीत नाही. पोरगा मात्र इतका हरखला की त्याला घाम फुटला. आत्या खाली जाऊन पाणी घेऊन आली, तो ते प्यायला, सगळ्यांचे आभार मानून गेला, आणि घरपट्टी एका पैशानंही वाढली नाही. घरी पाहुणे आले की ही गोष्ट सांगितली जाते आणि ती नेहमी इथेच संपते. बाबा घोड्यांचा भाग सांगायचे, आत्या शिपायाचा, आणि काका योग्य जागी खोकून दाखवायचा.

काही काळानं पाटी लागली, तेव्हा कुठे कळलं की तो घरपट्टीवाला नव्हताच. हात दाखवून अवलक्षण, असं आई पुटपुटली. पण पाटीमुळे गल्लीत घराचा भाव वाढला, येणारेजाणारे थांबून वाचायला लागले, आणि आत्याला स्वतःची वाक्यं पितळी अक्षरांत बघायला आवडायला लागलं. बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. काकाचं नाव मात्र गल्लीभर ‘निर्मनुष्य’ पडलं. वाणी विचारायचा, ‘निर्मनुष्य आज दिसले नाहीत?’ काकानं लगेच ‘निर्मनुष्य’ असा एक शिक्का बनवला आणि तो स्वतःच्या रुमालांवर, छत्रीवर आणि बनियनच्या पाठीवर मारून टाकला. जुनी घरं दाखवत फिरणारे लोक खिडकीखाली घोळका करून उभे राहिले की वरून तो दोनदा खोकायचा, तिसऱ्यांदा जरा कण्हायचा. माणसं खूश होऊन जायची.

तो किडकिडीत पोरगा पुढे प्राध्यापक झाला, आणि झाला तोही आमच्या स्वयंपाकघरावर. घराच्या आतच तबेला बांधण्याची पद्धत या भागात होती, असा त्याचा सिद्धांत. त्याचे विद्यार्थी येऊन आमच्या ओट्याची मापं घ्यायचे. एकानं आईला विचारलं की घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला असेल. आई आता जुनी झाली होती. म्हणाली, ‘गॅसकडे असेल बाबा, त्यालाही भूक लागत असेल.’ त्यानं ते लिहून घेतलं.

हे सगळं हसत-खिदळत आणखी शंभर वर्षं चाललं असतं. पण काकाचे गुडघे गेले.

संडास खाली, काका वर, मध्ये अरुंद लाकडी जिना. दिवसातून कितीदा तरी त्याला कठडा धरून उतरताना बघून आत्याचा जीव वरखाली व्हायचा. तसं ती म्हणायची नाही, ‘जिना झिजवतोस’ म्हणायची. शेवटी तिनं वारसा कार्यालयाकडे अर्ज केला की वरच्या दालनाला लागून एक संडास बांधायची परवानगी मिळावी. उत्तर आलं: दालन बांधकामापासून निर्मनुष्य असताना तेथे शौचालयाचे प्रयोजन काय? आत्याचं डोकं फिरलं. तिनं उलट टपाली कळवलं, ‘शिपायाला लागतं.’

त्यावर कार्यालयातून एक अधिकारी बाई स्वतः पाहणीला आल्या. वर जाऊन बघतात तर निर्मनुष्य दालनात निर्मनुष्य छापाचं बनियन घालून एक गृहस्थ चहा पीत बसलेले. बाई चहा घेऊन गेल्या आणि नोटीस पाठवली. संरक्षित दालनात अनधिकृत वास्तव्य आढळले असून दालन ठरलेल्या मुदतीत रिकामे करून मूळ स्थितीस आणावे.

काकानं नोटीस उजेडात धरली. ‘ठसा बघ कसा स्वच्छ उठलाय,’ तो म्हणाला. ‘माझाच आहे हा.’

मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. खाली जागा नव्हती. एका खोलीत आत्या, एकीत आई आणि मी, आणि दिवाणखाना लोकांना बघायला मोकळा ठेवायचा ही पाटीची अट. काकानं जायचं म्हणजे घरातूनच जायचं.

मग आमची वरात वारसा कार्यालयात. आत्यानं तोच शिक्का पुढे केला: ‘तुमच्या नोटिशीवरचा ठसा त्याच खोलीत बनलाय.’ बाईंनी बिल काढून दाखवलं, ते काकाला काम देणाऱ्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याच्या नावाचं होतं. आम्ही मतदार यादी दाखवली. ‘ते घरात राहतात हे मान्य. दालनात राहतात हे यात कुठे आहे?’ समोरच्या शेजाऱ्यांना साक्षीला नेलं. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की त्या खिडकीत आम्ही वर्षानुवर्षं दिवा बघतो, खोकला ऐकतो. बाईंनी ते आख्यायिकेला दुजोरा म्हणून नोंदवलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. जिवंत माणूस बाईंच्या समोर खुर्चीवर बसला होता आणि आम्ही तो असल्याचे पुरावे गोळा करत फिरत होतो.

बाई वाईट नव्हत्या. एकदा आत्या बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, ‘मला दिसतंय हो, ते तिथे राहतात. पण मूळ नोंद घरमालकिणीच्या तोंडच्या माहितीवर झालीय. ती माहिती खोटी होती असं त्यांनी समितीसमोर सांगून सही करून दिली, तर नोंद बदलता येईल. दुसरा रस्ता नाही.’

मी ते घरी येऊन आत्याला सांगितलं. ती ताडकन म्हणाली, ‘मी काय खोटं बोलले? त्यानं चुकीचं लिहिलं.’

‘आत्या, तबेला तू सांगितलास.’

‘मी सांगितलं असेल. लिहिताना त्याला डोळे नव्हते? या वयात खोटारडी म्हणून सही करू? आणि तीही त्या पोराच्या पुढ्यात?’

तो पोरगा आता समितीचा अध्यक्ष होता. आईनं समजावलं, मी समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. समिती येईल तेव्हा मी बोलते काय ते, असं म्हणून आत्यानं विषय मिटवला. मी तिच्यावर इतकी चिडले होते की दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

वर गेले तर काका खिळे पुसून एका पत्र्याच्या पेटीत भरत होता. खण निम्मे रिकामे झाले होते. लांबच्या गावचा एक चुलत भाऊ म्हणाला होता, माझ्याकडे ये.

‘त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे,’ काका म्हणाला. ‘आणि संडास खोलीतच.’

‘तुला जायचंय का?’

त्यानं ‘क्ष’ चा खिळा फडक्यानं पुसला, फुंकर मारली आणि पेटीत ठेवला. ‘माझं काय गं,’ म्हणाला, ‘मी कुठेही नसू शकतो.’

तो हसला आणि मला रडू आलं. इतकी वर्षं ज्या विनोदावर आम्ही सगळे जगलो, त्याचा मला त्या क्षणी मनापासून राग आला.

समिती आली म्हणजे प्राध्यापक आणि अधिकारी बाई आले. बाकीच्या सदस्यांना बरं नव्हतं. प्राध्यापकांचं पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, पण तबेल्यातून जाताना त्यांनी त्या कड्यांवरून पुन्हा तसाच हात फिरवला. मग सगळे वर. आत्याही जिना चढली. तिचे गुडघे काकापेक्षा वाईट होते. ती वर्षानुवर्षं वर आली नव्हती, जिन्याखाली उभी राहूनच ओरडायची. दाराला धरून ती धापा टाकत उभी राहिली आणि अर्ध्या रिकाम्या खणांकडे बघत राहिली. आई तिच्यामागे होती. काका खाटेवर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

अधिकारी बाईंनी त्याला विचारलं, ‘सर्वेक्षणाच्या दिवशी तुम्ही या खोलीत होतात असं तुमचं म्हणणं आहे?’

‘हो.’

‘शक्य नाही,’ प्राध्यापक म्हणाले. ‘मी या दाराशी चांगला वेळ उभा होतो. खोकल्यासारखा एक आवाज आला, तो मी प्रामाणिकपणे लिहिलाय. त्यापलीकडे काही नाही.’

‘तो माझाच. घशात धूर गेला होता.’

‘असं आज कोणीही म्हणेल.’

‘तेही खरंच,’ काका म्हणाला. ‘मग तुम्ही काय म्हणत होतात ते सांगू?’

‘मी? मी कुठे काय म्हणालो?’

‘ताई पाणी आणायला खाली गेली ना, तेव्हा. तुम्ही दाराकडे तोंड करून म्हणालात, सर, मला आपल्याशी जरा खासगी बोलायचं आहे.’

प्राध्यापकांनी चष्मा काढला.

‘मग म्हणालात, सर, आपल्या धाकट्या मुलीविषयी. असं तीनदा म्हणालात. पहिल्यांदा फार कडक झालं, नोटीस दिल्यासारखं. दुसऱ्यांदा रडवेलं. तिसऱ्यांदा बरं जमलं. मला आतून सांगावंसं वाटत होतं की हेच ठेवा म्हणून, पण आवाज करायचा नव्हता.’

अधिकारी बाईंनी कागदात डोकं घातलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

‘तिसरंच ठेवलं,’ प्राध्यापक हळूच म्हणाले.

‘मग? दिली का?’

‘दिली.’ त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. ‘हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. बाई, लिहून घ्या. हे गृहस्थ आत होते.’

मला वाटलं, जिंकलो. पण अधिकारी बाई सावरून म्हणाल्या, ‘आत होते, हे ठीक. पण घरपट्टी चुकवायला कोणीही तासभर कुठेही लपेल. तेवढ्यानं तो माणूस तिथे राहतो असं होत नाही.’ त्या आत्याकडे वळल्या. ‘तुम्ही सांगा. तुमची माहिती खोटी होती का?’

‘मी त्याला म्हटलं, कोणी नाही,’ आत्या म्हणाली. ‘त्यानं त्याचं एवढं मोठं वाक्य केलं. बांधकामापासून आणि काय काय.’

‘किल्ली बांधल्यापासून हरवलीय, हे तुम्ही म्हणालात,’ प्राध्यापक म्हणाले.

‘बोलण्याच्या ओघात म्हणाले असेन.’

बाईंनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा काकाकडे वळल्या. ‘बरं, सर्वेक्षण संपल्यावर तुम्ही लगेच बाहेर आलात?’

‘लगेच नाही. अंधार पडल्यावर.’

‘एवढा वेळ का?’

काकानं एकदा आत्याकडे पाहिलं. सांगू की नको, असं त्याचं झालं होतं. ‘कुलूप बाहेरून होतं. घरात कोणी नव्हतं,’ तो म्हणाला.

‘कुठे गेले होते सगळे?’

‘सिनेमाला. खूश होते ना. खालून हसण्याचा आवाज येत होता, मग बाहेरच्या दाराचा आला. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत गेले असतील, येतील आत्ता. मग दिवस मावळला.’

‘अहो, मग खिडकीतून कोणाला तरी हाक मारायची.’

‘ताई म्हणाली होती, आवाज करू नकोस.’

त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. मी आईकडे वळले. तिनं मान खाली घातली, आणि तिला ते आठवत होतं हे मला कळलं. आत्याला आठवत नव्हतं. ती भुवया आक्रसून आठवायचा प्रयत्न करत होती, आणि मग तिला आठवलं. तिचा चेहरा आमच्या डोळ्यांदेखत उतरला.

‘तुम्ही हे कधी बोलला कसे नाहीत?’ बाईंनी विचारलं.

‘हे लोक ती गोष्ट छान सांगतात हो,’ काका म्हणाला. ‘शेवट कशाला बिघडवायचा.’

‘आल्यावर मी कुलूप काढलं ना रे?’ आत्यानं विचारलं. एवढ्या बारीक आवाजात ती बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

‘काढलंस की. म्हणालीस, अगं बाई, तू आतच होतास?’

आत्यानं दाराची चौकट सोडली. मग अधिकारी बाईंना म्हणाली, ‘लिहा. मी खोटं बोलले. विहीर खोटी. शिपाई खोटा. तबेला खोटा.’

‘तबेलासुद्धा?’ प्राध्यापक म्हणाले. त्यांचं पुस्तक छापखान्यात होतं.

‘तिथे घोडं नव्हतंच, मास्तर. तेव्हा मी तुमचं घोडं मारलं असं तरी म्हणू नका.’ ती पुन्हा बाईंकडे वळली. ‘आणि या खोलीत माझा धाकटा भाऊ राहतो. पहिल्यापासून राहतो. त्याला इथे कोंडून मी सिनेमा बघायला गेले. तेही लिहा.’

‘ते नोंदीत बसत नाही हो,’ अधिकारी बाई म्हणाल्या.

‘बसवा.’

पुढे नोंद दुरुस्त झाली, नोटीस मागे घेतली गेली. दालन निवासाच्या आणि कामाच्या वापरात आहे, असं आता पाटीवर आहे. सिनेमा काही बसवला नाही त्यांनी. घरपट्टी वाढली, आणि त्याबद्दल आत्यानं चकार शब्द काढला नाही. प्राध्यापकांनी पुस्तक मागे घेतलं आणि महिनाभर कोणाशी बोलले नाहीत, असं ऐकलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आत्या पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा काकाच म्हणाला, ‘जाऊ दे गं ताई. कसा होता सिनेमा?’

‘भिकार,’ आत्या म्हणाली.

‘गोष्ट काय होती?’

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघे धरत ती खाटेवर त्याच्या शेजारी बसली. ‘एक श्रीमंत बाप असतो,’ ती म्हणाली, ‘आणि त्याला दोन मुलगे असतात. थोरला वकील. थांब, वकील धाकटा.’ काका तिच्याकडे तोंड करून, भिंतीला टेकून, नीट बसला. प्राध्यापकांनी खिळ्यांच्या पेटीवर बूड टेकलं. अधिकारी बाई सहीचा कागद पुढे धरून उभ्या होत्या, आणि मध्यंतर होईपर्यंत आत्यानं तो हातात घेतला नाही.